हळदीकुंकू लावलेला जपानी ट्यूनर

ट्यूनर म्हणजे रेडिओ नव्हे, हे लोकांना समजावण्यात माझी बरीच वाचा खर्ची पडली आहे. रेडिओला कान असतात आणि तोंडही असतं. ट्यूनरला फक्त कान. तो हवेतून स्टेशन पकडतो, त्याला धुऊनपुसून स्वच्छ करतो आणि मागच्या दोन भोकांतून वायरीने पुढे पाठवतो. पुढे अँप्लिफायर आणि स्पीकर जोडलात तर आवाज ऐकू येईल. नाही जोडलात, तर तो बापडा जन्मभर ऐकत बसेल आणि तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दिवा लागते, काटा हालते, मंग बोलत काहून नाही?" मी म्हणायचो, "बाप्पा, तो ऐकणारा आहे, बोलणारा दुसरा आणावा लागते." मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं पाहायचं, की जणू मी त्याच्या सेटमधला स्पीकर काढून ठेवला आहे.

लाखनीला हायवेला लागून माझं दुकान होतं. रोजची भाकरी ट्रकवाल्यांच्या टेपवर. ट्रकवाल्याला सूर नको असतो, धमक हवी असते. केबिनचा पत्रा थरथरला म्हणजे टेप चांगला दुरुस्त झाला. त्यांची थरथर मी मनापासून पुरवली, पण जीव रमायचा तो जुन्या जपानी सेटांत. आमच्या भागात असे सेट बोटांवर मोजण्याइतके. तरी जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, साहेबलोकांच्या बदल्या झाल्या आणि सामान हलवताना कुठून कुठून असे डबे बाहेर पडले. ते फिरून फिरून माझ्याच टेबलावर यायचे. गर्व म्हणा हवं तर, पण माझ्या दुकानात मुका आलेला सेट मुका परत गेला असं मला आठवत नाही.

त्यातला एक सेट सांगतो.

एका सकाळी आमच्या गल्लीतले गोविंदभाऊ एका बाईंना घेऊन आले. गोविंदभाऊ धानाचा व्यापार करायचे आणि फावल्या वेळात लग्नं जुळवायचे. बाई म्हणजे त्यांची मोठी साळी, बायकोची बहीण, मोहाडीच्या यमुनाबाई. घरी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग. मालक जाऊन काही वर्षं झाली होती, माग त्याच चालवत होत्या. त्यांच्या डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. ते त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं आणि गोविंदभाऊंना हात लावू दिला नव्हता.

गाठोडं सुटलं आणि मी खुर्चीतून उठलो. चांदीच्या रंगाचं जाड अ‍ॅल्युमिनियमचं तोंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक काचेचा डायल, दोन छोटे मीटर आणि उजवीकडे मुठीएवढं बटण. असलं बटण आतून एका जड चाकाला जोडलेलं असतं. बोटाने एक झटका दिला की सुई लोण्यावरून गेल्यासारखी डायलच्या शेवटापर्यंत आपोआप जाते. मी झटका दिला. सुई दोन बोटं सरकली आणि कुरकुरून थांबली. वरच्या झाकणावर हळदीकुंकवाचे थरावर थर होते.

"हे काय जी?" मी विचारलं.

"दसऱ्याची पूजा," यमुनाबाई म्हणाल्या. "मागाले लावतो तसं यालेही लावतो. यंत्रच ना जी हे."

"आणि तेल?"

"मागाले तेल देतो ना, मंग याले उपाशी ठेवाव काय?"

त्यांच्या मालकांना एकदा हातमागाचं प्रात्यक्षिक दाखवायला जपानला नेलं होतं. तिथल्या प्रदर्शनात लोक गोल उभे राहायचे आणि मालक कोशाचं धोतर विणायचे. निघताना तिथल्या एका कापडवाल्याने विचारलं, आठवण म्हणून काय नेता? जुन्या सामानाच्या दुकानात मालकांना हा डबा आवडला. तोंड चांदीचं, वजन भरपूर, सारे म्हणाले मोठा नामी रेडिओ आहे. मालकांनी तो मांडीवर घेऊनच मोहाडी गाठली. घरी सारा मोहल्ला जमला. वायर लावली, आत 'फट्' झालं आणि दिवा गेला. तेव्हापासून तो मागाशेजारच्या फळीवर देवासारखा बसला होता. दर दसऱ्याला त्याला पूजा आणि तेल मिळायचं, म्हणजे सारं काही मिळायचं, फक्त वीज मिळत नव्हती.

मी झाकण उघडलं. आत वाळलेलं आपट्याचं पान, कुंकवाचा चिखल आणि गँगमध्ये अक्षता. गँग म्हणजे ट्यूनरचं काळीज. पातळ पत्र्यांच्या चवडी असतात, एक चवड स्थिर, दुसरी फिरणारी. फिरणारे पत्रे स्थिर पत्र्यांच्या मधून जातात, पण शिवत नाहीत. मध्ये फक्त हवा. पत्रे जितके आत जातील तितकं स्टेशन खाली, जितके बाहेर तितकं वर. साध्या रेडिओत चवडींच्या अशा दोन जोड्या असतात, यात चार होत्या. म्हणजे शेजारचं स्टेशन गाळायला अधिक चाळण्या. आता त्या हवेच्या जागी तेल, त्यावर कुंकू आणि ऐन फटीत तांदळाचा अखंड दाणा. मी या धंद्यात झुरळं पाहिली, उंदराची पिल्लं पाहिली, एका पाटलाच्या रेडिओत मोहफुलं निघाली. पूजेने जाम झालेला सेट हा एवढाच.

"दाणा तुटला नाही, पाहा," मी म्हणालो.

"अक्षत तुटकी वाहत नाहीत जी," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गोविंदभाऊंनी घसा साफ केला आणि खरं काम सांगितलं.

यमुनाबाईंना एकच मुलगा, नितीन. नागपूरला शिकला आणि तिथल्या एफएम स्टेशनवर निवेदक म्हणून लागला. गोविंदभाऊंनी त्याच्यासाठी एकोडीच्या सोनबाजींची मुलगी काढली. सोनबाजी धानाचे मोठे कास्तकार, माणूस सरळ, पण आधी पाहीन आणि मग मानीन अशा जातीचा. मुलगा काय करतो, तर रेडिओवर बोलतो. हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यात गोविंदभाऊंनी लग्नं जुळवणाऱ्यांच्या सवयीने चार शब्द जास्तीचे घातले होते. "पोराचा आवाज साऱ्या विदर्भात जाते," असं सांगून बसले होते.

"मंग सोनबाजी म्हणते," गोविंदभाऊ खाली पाहत म्हणाले, "मोहाडी विदर्भात नाही काय? रविवारी घर पाहाले येतो, तवा आयकवा म्हणते. नाही आयकू आला तर दुसरं ठिकाण पाहतो म्हणते."

"कॅसेटवर भरून आणा ना."

"तेबी म्हटलं. तं म्हणते, टेपात कोणीबी भरते."

अडचण खरी होती. नागपूरचं एफएम मोहाडीत येत नसे. एफएमची लाट दिव्याच्या उजेडासारखी सरळ जाते, लांब गेली की विरते, आणि मोहाडी तिच्या अगदी काठावर. हातातल्या रेडिओवर नुसतं तांदूळ पाखडल्यासारखं सू-सू ऐकू यायचं. मोहल्ल्यातल्या बाया यमुनाबाईंना विचारत, तुहा पोट्टा बोलते तं आमच्या रेडिओत काहून येत नाही वं? सुरुवातीला त्या हसून न्यायच्या. मग त्यांनी विहिरीवर जायची वेळच बदलली.

"खोटं नाही जी माहं पोरगं," त्या म्हणाल्या. "याच्यात येते काय तेवढं पाहा. मालक म्हणे, हा लय लांबचं आयकते."

मालकांनी अंदाजाने म्हटलं असेल, पण खरं म्हटलं होतं. काठावरची लाट पकडायची तर असलाच ट्यूनर हवा. दुसरा कोणता मला या जिल्ह्यात माहीत नव्हता.

आता या सेटला रोग एकही नव्हता, पण अडचणी तीन होत्या. पहिली, जपानात घरात शंभर व्होल्टची वीज असते. आपण दोनशे तीस दिले, तेव्हा 'फट्' झालं. सुदैवाने फ्यूज गेला आणि ट्रान्सफॉर्मर वाचला. दोनशे तीसचे शंभर करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला. दुसरी अडचण तोंडाची, त्यासाठी माझ्या दुकानातला अँप्लिफायर आणि स्पीकरच्या दोन पेट्या होत्या. तिसरी मात्र खरी मेख. जपानचं एफएम शहात्तर मेगाहर्ट्झला सुरू होतं आणि नव्वदला संपतं. आपलं अठ्ठ्याऐंशीला सुरू होतं आणि एकशे आठला संपतं. नागपूर शंभराच्या आसपास. म्हणजे या डायलवर नागपूर नावाचं गावच नव्हतं. पेटी कितीही तल्लख असो, जिथे दार नाही तिथून कोण आत येणार?

आधी सफाई. तेल काढायला द्रावण होतं, पण फटीत कापूस घालावा तर तंतू सुटतात. यमुनाबाई बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून कोशाचा धागा काढला, दोन पदरी पिळला आणि म्हणाल्या, "हा धागा तंतू नाही सोडत." आम्ही दोघांनी मिळून एकेक फट पुसली. मी दोन टोकांना ताणून धरायचो आणि त्या धागा सरकवायच्या. शेवटी मी बटणाला झटका दिला तेव्हा सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि हलकेच थांबली. बाईंनी स्वतः दोन-तीनदा झटका देऊन पाहिला.

मग मी तिसरी अडचण सांगितली. ट्यूनरच्या आत एक छोटा कंपन निर्माण करणारा भाग असतो, ओसिलेटर. बाहेरून येणारं स्टेशन आणि आतलं कंपन यांच्यातलं अंतर नेहमी ठरलेलं असतं, त्यावरच पुढचं सारं काम चालतं. आतलं कंपन वर सरकवलं की ट्यूनर वरची स्टेशनं पकडायला लागतो. त्यासाठी तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचे वेढे थोडे फाकवायचे, एक-दोन कपॅसिटर बदलायचे आणि पुढच्या साऱ्या गुंडाळ्या पुन्हा जुळवायच्या. काम माझ्या हातचं होतं. पण एकदा केलं की कारखान्याने लावलेलं माप गेलं. डायलवर छापलेले आकडे कायमचे खोटे होणार, पंच्याऐंशीवर सुई असताना शंभराचं स्टेशन वाजणार. नुसत्या जुन्या वस्तू जमवणारा माणूस असता, तर त्याने माझा हात धरला असता.

"मालकाची वस्तू आहे," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तर करतो."

त्यांनी झाकणावरच्या कुंकवाकडे पाहिलं. "मालकानं कायले आणला जी? आयकाले ना? फाकवा."

फाकवले. पुढचं काम सांगण्यात मजा नाही, करण्यात आहे. प्लास्टिकच्या काडीने वेढा केसभर हलवायचा, सिग्नल जनरेटरचा, म्हणजे नकली स्टेशन काढणाऱ्या यंत्राचा, सूर सोडायचा आणि मीटरची सुई चढते का पाहायचं. चारी जोड्या एका चालीत येईपर्यंत हेच. दोन मीटरांपैकी एक सांगतो लाट किती जोरकस आहे, दुसरा सांगतो तुम्ही नेमके मधोमध आहात की नाही. मला तो दुसरा मीटर फार आवडतो. जोर दाखवणारी यंत्रं खूप पाहिली, पण तुम्ही थोडे डावीकडे आहात असं नम्रपणे सांगणारं हे एवढंच.

शनिवारी सारं सामान घेऊन मोहाडीला गेलो. टीव्हीच्या दोन मोडक्या अँटेना कापून मी एफएमच्या मापाची अँटेना बनवली होती. ती उंच बांबूला बांधली, बांबू कौलावर चढवला आणि तोंड नागपूरकडे केलं, मावळतीला आणि किंचित दक्षिणेला. गोविंदभाऊ वर बांबू फिरवत होते, मी खाली मीटर पाहत होतो. "डावीकडे. अजून. आता परत." सुई चढली आणि थांबली. आणि मोहाडीच्या त्या मागाच्या खोलीत, सू-सू करणाऱ्या पाखडणीच्या पलीकडून, नागपूरचं गाणं स्वच्छ आलं. मी बटण स्टिरिओवरून काढून मोनोवर टाकलं, कारण दुबळ्या लाटेवर स्टिरिओ फार खरखरतो. दुसरं एक बटण होतं, वाईड आणि नॅरो. नॅरो म्हणजे दार किलकिलं, आजूबाजूचा कचरा कमी येतो, पण आवाजाचेही कंगोरे घासले जातात. ते नॅरोवर ठेवलं. अँप्लिफायरचा ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, उतरवला. आवाज दुलईत गुंडाळल्यासारखा मऊ आणि बिनखरखरीचा झाला. मी स्वतःवर खूश होतो. नितीनचा कार्यक्रम मात्र रविवारीच असायचा, त्यामुळे त्याला अजून कोणी ऐकलं नव्हतं. यमुनाबाईंनीसुद्धा रेडिओवर आपल्या मुलाचा आवाज त्या दिवसापर्यंत एकदाही ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी सोनबाजी आले, सोबत त्यांचे मोठे भाऊ. पोहे झाले, चहा झाला. सोनबाजी ट्यूनरला वळसा घालून मागून पाहून आले, वायर कुठे कॅसेटला तर लावली नाही ना म्हणून. मला राग आला नाही. मी असतो तर मीही पाहिलं असतं.

कार्यक्रमाची धून वाजली. मग एक तरुण आवाज आला. भारदस्त, घोटीव, एकेक शब्द चाळणीतून काढल्यासारखा. श्रोत्यांना नमस्कार केला, हवा कशी सुखद आहे ते सांगितलं आणि पहिल्या गाण्याकडे वळूया म्हणाला. नाव सांगितलं नाही. त्या स्टेशनवर त्याच्यासारख्या रोजंदारी निवेदकांनी नाव सांगायचं नाही असा दंडक होता, आणि ही गोष्ट आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती.

"हा कोण?" सोनबाजींनी विचारलं.

"नितीन ना जी," गोविंदभाऊ म्हणाले.

"तुम्ही गप राहा. मायले विचारतो."

सारे यमुनाबाईंकडे पाहू लागले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना ओळख पटत नव्हती. घरी त्यांचा मुलगा 'मले', 'तुले', 'जाऊन राहिलो' असं बोलायचा. हा कोण साहेब 'वळूया' म्हणतो?

"आवाज चांगला हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण हा... मले सांगता नाही येत जी."

गोविंदभाऊंनी डोळे मिटले. सोनबाजींच्या भावाने चपलांकडे पाहिलं. बाईंना 'हो, हाच' म्हणायला काय जात होतं? एक शब्द, आणि लग्न ठरलं असतं. पण आपलं पोरगं खोटं नाही, हेच तर त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी खोटं कसं बोलणार?

गाणं चालू होतं आणि माझं डोकंही. ऐकू येत होतं ते मी घासूनपुसून दिलेलं होतं. खरखर काढता काढता मीच माणूस गाळला होता. गाणं संपायच्या आत मी वाईडचं बटण दाबलं आणि ट्रेबल चढवला. खोलीत सू-सू भरली. गोविंदभाऊ कळवळून म्हणाले, "अजी, बिघडवता काहून?" मी त्यांना हाताने थांबवलं. इथे एक गोष्ट आमच्या बाजूने होती. स्टेशन बारीक आवाज मुद्दाम चढवून पाठवतं आणि ट्यूनर तेवढाच उतरवून घेतो. हे चढ-उताराचं माप आपलं आणि जपानचं एकच आहे. हाच सेट अमेरिकेसाठी बनवलेला असता, तर त्याने बारीक आवाज गिळून टाकला असता. याने गिळला नाही.

गाणं संपलं. नितीन बोलू लागण्याआधी त्याने श्वास घेतला. आता तो ऐकू आला. एक पूर्ण श्वास, आणि त्यावर ठेच लागल्यासारखा एक छोटा.

यमुनाबाई उठल्या. ट्यूनरजवळ जाऊन बसल्या. पुढचं वाक्य लांबलचक होतं, त्याच्याही आधी तसाच दोन टप्प्यांचा श्वास. बाईंनी हात झाकणावर ठेवला आणि खालून वर, खालून वर चोळायला लागल्या.

"हा माहाच," त्या म्हणाल्या.

"कायच्यावरून?" सोनबाजी.

आता त्यांना सांगावं लागणार होतं. गोविंदभाऊंनी मान हलवून खूण केली, सांगू नका. मला ती खूण तेव्हा कळली नाही. बाईंना कळली होती.

"लहानपणी दमा होता त्याले," त्या म्हणाल्या. "कोसे उकळाचे तवा वाफेनं धरे. रात्रभर पाठ चोळत बसो मी. आता नाही होत, पण दम तसाच घेते, दोनदा. सांगून टाकलं जी. पोरगी द्या, नका देऊ."

खोलीत फक्त सू-सू होती आणि तिच्यातून नितीनचा आवाज. गोविंदभाऊंनी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं लग्नं जुळवली, पण मुलाचा आजार मुलाच्या आईनेच भर बैठकीत सांगितल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. सोनबाजी ट्यूनरकडे पाहत नव्हते, ते बाईंच्या हाताकडे पाहत होते. तो अजून झाकणावर फिरत होता आणि कुंकवाने लाल झाला होता.

"टेपात आवाज भरता येते," सोनबाजी शेवटी म्हणाले. "हे नाही भरता येत." मग त्यांनी भावाकडे वळून विचारलं, "दादा, पोरगी या घरी सुखात राहीन. तुमाले काय वाटते?"

भावाने सुपारी मागितली. आमच्याकडे एवढं पुरे असतं.

लग्नात मला मानाचा फेटा बांधला. मी आढेवेढे घेतले नाहीत, फेटा माझ्या हक्काचा होता. मनात एक सल मात्र राहिला. या यंत्राची सारी करामत स्टिरिओत. डावा-उजवा आवाज असा वेगळा काढतो, की डोळे मिटले तर गाणारा समोर आणि तबला त्याच्या बाजूला बसलेला दिसावा. ती करामत मी मोनोच्या बटणाखाली दाबून ठेवली. मोहाडीत दुसरा इलाज नव्हता. डोंगरावर नेऊन एकदा पूर्ण उघडून ऐकावा असं फार मनात होतं, पण यमुनाबाई सेट फळीवरून हलवू देतील तर ना. आता तसे सेट कोणी करत नाही, आणि केले तरी आकडे पडद्यावर उमटतात, सुईला झटका देता येत नाही.

लग्नानंतर काही महिन्यांनी नितीन दुकानात आला. रेडिओवरचा तो घोटीव आवाज त्याने गाडीसोबत बाहेर उभा केला असावा. स्टूल ओढून बसला.

"काका, तो ट्यूनर थोडा बिघडवून द्या ना जी."

"काहून?"

"मले सर्दी झाली तं लपवताच येत नाही. कार्यक्रम संपला का माह्या बायकोले, रंजनाले, आईचा फोन. याले काढा दे, याले रात्री बाहेर फिरू देऊ नको. मांगच्या रविवारी मी एक वाक्य एका दमात बोललो, तं आई रंजनाले म्हणते, त्याले बरं वाटून राहिलं आज."

मी हसलो. तोही हसला, पण अर्धवट. म्हणाला, "मी येवढी मेहनत करतो काका. गाणी निवडतो, लिहून काढतो, आरशासमोर बोलून पाहतो. आईले विचारलं, कार्यक्रम कसा वाटते? तं तिले कोणतं गाणं लागलं तेबी सांगता येत नाही. मंग दर रविवारी येवढा कान लावून ती आयकते तरी काय?"

"तुले," मी म्हणालो, आणि सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवलं.